जुन्या पेट्रोल गाडीला विजेचा पंप : घ्यावा का, आणि कोणता?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडव्याचे पाचट आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी मोटारगाडीविषयी लिहीत आहोत, याचे काही मंडळींना नवल वाटेल. पण गळीत हंगाम आटोपून ऊन वाढू लागले की शेतकी कचेरीत एक तक्रार हमखास येते : "साहेब, ते इथेनॉल आल्यापासून आमची फियाट चढाला दम टाकतीय." तक्रार करणारा आपलाच सभासद, इथेनॉल आपल्याच उसाचे, आणि गाडी बहुधा वडिलांनी पहिल्या चांगल्या बिलाच्या वर्षी घेतलेली. तेव्हा याला उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

यावर गावोगावचे कारागीर सांगतात की इंजिनवरचा पंप काढून टाका आणि इलेक्ट्रिक पंप बसवा. सल्ला वाईट नाही. पण कोणता पंप म्हणून विचारले की "कुठलाही चालतो, प्रेशर जास्तीचं घ्या" असे उत्तर मिळते, आणि नेमका येथेच घोटाळा होतो. जास्त दाबाचा पंप म्हणजे नुसते पैसे वाया गेले एवढ्यावर भागत नाही. बॉनेटखाली आग लागायला तेवढे कारण पुरते. म्हणून हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

आपल्या भागात शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत प्रीमियर पद्मिनी जास्त, म्हणून तिचाच दाखला घेऊ. ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. ती आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कारखान्यात बनली. तो कारखाना सुरू करणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद. वालचंदनगरचा साखर कारखानाही त्यांचाच, म्हणजे उसाचे आणि या गाडीचे नाते तसे जुनेच आहे. इंजिन १०८९ सी.सी., ताकद चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती. अ‍ॅम्बॅसडरचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सी.सी., ताकद पन्नासच्या आसपास. दोन्हींना कार्ब्युरेटर, आणि दोन्हींचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला. पुढे जे सांगणार आहोत ते अशा सगळ्याच गाड्यांना थोड्याफार फरकाने लागू पडते.

विहीर आणि पेट्रोलची टाकी

मूळ पंपाचे काम समजून घ्यायला आपल्याला पुस्तक लागणार नाही. विहिरीच्या काठावर मोटार ठेवली तर ती पाणी ओढते. फूट व्हॉल्व्ह गळका असला, सक्शनच्या पाइपात कुठे हवा शिरली किंवा पाणी फार खाली गेले की मोटार नुसती फिरते आणि पाणी येत नाही. तीच मोटार पाण्यात सोडली, म्हणजे पाणबुडी केली, तर ती पाणी ढकलते आणि हवा धरण्याची भानगड राहत नाही.

गाडीचे अगदी असेच आहे. पेट्रोलची टाकी मागे, पंप पुढे इंजिनवर. इंजिनच्या कॅमशाफ्टने पंपाची दांडी हलते, आतले रबरी डायफ्रॅम वरखाली होते आणि सगळ्या लांबीच्या नळीतून पेट्रोल ओढून आणले जाते. ओढताना नळीत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की कोणताही द्रव लवकर उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. आता एप्रिलचे ऊन, घाटाचा चढ, तापलेले इंजिन आणि त्यालाच चिकटलेला पंप, हे सारे एकत्र आले की नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. पंप वाफ धड ओढू शकत नाही, धड ढकलू शकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून बिडी ओढेपर्यंत थांबत. (फडक्याचा उपाय बरोबर होता. बिडी मात्र गाडीपासून लांब जाऊनच ओढलेली बरी.)

मग इथेनॉलचा दोष किती? येथे आम्ही आपल्या मालाची उगाच वकिली करणार नाही. आपल्याकडे २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रण निवडक पेट्रोल पंपांवर मिळू लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर झाले. ३५ लिटर पेट्रोल भरले तर त्यात ७ लिटर इथेनॉल असते. ते सगळे उसाच्या रसापासून केले असे धरले तर टनाला सुमारे ७० लिटरच्या हिशेबाने एक क्विंटल ऊस त्या टाकीत गेला. मक्याचे आणि इतर धान्याचे इथेनॉलही आता बरेच असते, ही गोष्ट वेगळी.

शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते. पण पेट्रोलमध्ये ते थोड्या प्रमाणात मिसळले की मिश्रणाची वाफ व्हायची प्रवृत्ती वाढते. ती १० टक्क्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि २० टक्क्यांना किंचित उतरते. म्हणजे वाफ धरण्याची खोड या गाड्यांना आधीपासूनच होती, इथेनॉलने तिला थोडा हातभार लावला. याहून खरी तक्रार आहे ती रबराची. पद्मिनीच्या काळातले डायफ्रॅम, वायसर आणि नळ्या इथेनॉलसाठी केलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात किंवा कडक होऊन तडकतात. २० टक्के मिश्रण सोसेल असा मालमसाला वापरण्याची सुरुवात एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत झाली. तुमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा इथेनॉलने गाडी खराब होते असेही नाही आणि काहीच होत नाही असेही नाही. जुने रबर बदलावे लागते, एवढे खरे.

पंप बदलण्याआधी

ऊस पिवळा पडला की लगेच युरियाचे पोते फोडू नये, आधी मूळ बघावे, असे आम्ही नेहमी सांगतो. तसेच येथे. मूळ पंप शाबूत असेल तर नवा डायफ्रॅम, पण इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, घालून गाडी पुन्हा वर्षानुवर्षे चालू शकते. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा फायबरचा जाड तुकडा असेल तर तो कोणी काढून टाकला आहे का बघा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टला खेटून गेली असेल तर ती लांब घ्या. टाकीच्या झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते, ते बुजले तरी पंप ओढून ओढून थकतो. आमच्या पाहण्यात आलेल्या तक्रारींपैकी काही एवढ्यावरच मिटल्या.

मात्र गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल आणि दर वेळी सेल्फ मारून बॅटरी उतरत असेल, चांगल्या प्रतीचा डायफ्रॅम मिळत नसेल, किंवा चढाला वाफ धरणे थांबतच नसेल, तर विजेचा पंप बसवणे शहाणपणाचे. टाकीजवळ बसवलेला पंप पेट्रोल ढकलत आणतो, नळीत दाब राहतो, म्हणून वाफ सहजी धरत नाही. पाणबुडीचाच न्याय.

दाब किती?

सगळ्या निवडीचे मर्म येथे आहे, म्हणून येथे जरा थांबू.

कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये एक तरंगता डबा असतो. पेट्रोल वर आले की तो वर उचलला जातो आणि निडल व्हॉल्व्ह बंद करतो. जनावरांच्या हौदाला आपण फ्लोटचा कॉक बसवतो ना, अगदी तसेच. आता त्या हौदाच्या कॉकला घरावरच्या टाकीचे पाणी जोडले तर तो नीट बंद होतो. त्यालाच नदीवरच्या लिफ्टची लाइन जोडली तर? फ्लोट कितीही तरंगला तरी पाण्याचा जोर कॉक उघडाच ठेवतो आणि हौद वाहू लागतो. हौद वाहिला तर चिखल होतो. कार्ब्युरेटर वाहिला तर पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडते. वाहून बाहेर आले नाही तर आत सिलिंडरमध्ये उतरते, भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि खाली चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळून बेअरिंग खाते.

पद्मिनीसारख्या गाडीच्या सोलेक्स जातीच्या कार्ब्युरेटरला अडीच ते साडेतीन पौंड दाब पुरतो. टायरमध्ये हवा भरताना आपण म्हणतो तोच हा पौंड. तीन पौंड म्हणजे पाण्याचा सुमारे सात फूट हेड, घराच्या माळवदावर ठेवलेल्या टाकीइतका. आणि आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांच्या टाकीत जो पंप असतो त्याचा दाब चाळीस-पंचेचाळीस पौंड, म्हणजे शंभर फूट हेड! तो पंप भंगारात स्वस्त मिळतो, जोर चांगला मारतो, म्हणून काही ठिकाणी कार्ब्युरेटरच्या गाडीला जोडून देतात. अशी एक गाडी आम्ही पाहिली. चावी फिरवताच कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल बाहेर येत होते आणि मालक म्हणत होते, निडल खराब आहे. निडल चांगली होती. इंजेक्शनचा पंप कार्ब्युरेटरला लावू नये, फुकट मिळाला तरी लावू नये.

परदेशी जाहिराती वाचूनही अशीच फसगत होते. अमेरिकेतल्या मोठ्या आठ सिलिंडरच्या गाड्यांच्या चारमुखी कार्ब्युरेटरला पाच ते सात पौंड दाब चालतो. तिकडचा होली कंपनीचा निळा पंप चौदा पौंडांपर्यंत जातो आणि त्याच्यासोबत दाब उतरवणारा रेग्युलेटर लावावाच लागतो. शर्यतीच्या गाडीला ते ठीक. आपल्याला बाजाराला आणि लग्नाला जायचे आहे.

आता पाणी, म्हणजे पेट्रोल, किती लागेल? पूर्ण जोराने चालणाऱ्या अशा इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला सुमारे तीनशे मिलिलिटर पेट्रोल लागते. पंचेचाळीस अश्वशक्ती धरली तर साडेतेरा लिटर. २० टक्के मिश्रणात त्याच मापात सहा-सात टक्के उष्मा कमी असतो, म्हणून पंधरा लिटर धरा. बाजारातला सगळ्यात छोटा पंपसुद्धा मोकळ्या नळीत तासाला नव्वद-शंभर लिटर देतो. म्हणजे प्रवाहाची चिंता पद्मिनीवाल्याने करूच नये. दाब कमी असलेला पंप शोधावा, प्रवाह आपोआप पुरून उरतो.

पंपाच्या जाती

जुन्या ब्रिटिश गाड्यांना एस.यू. कंपनीचा विजेचा पंप कारखान्यातूनच येई. त्यात चुंबकाने डायफ्रॅम ओढला जातो आणि पॉइंट तुटले की सुटतो, म्हणून तो टक-टक वाजतो. पॉइंट जळतात, साफ करावे लागतात. ज्याला दुरुस्तीची हौस आहे त्याला चांगला.

आमच्या मते सामान्य सभासदाला सोयीचा तो पॉइंट नसलेला, दट्ट्याचा छोटा चौकोनी पंप. अमेरिकेच्या फॅसेट कंपनीचा या जातीचा पंप जगभर प्रसिद्ध आहे. तो अनेक दाबांत मिळतो : दीड ते चार पौंडांचा, चार ते सात पौंडांचा, असे. आपण कमी दाबाचा मागायचा. वीज खातो एक-दीड अ‍ॅम्पिअर, म्हणजे पद्मिनीच्या जुन्या डायनामोलाही जड नाही. याच आकाराच्या नकला भरपूर आल्या आहेत. काही बऱ्या आहेत, पण त्यांच्यावर छापलेल्या आकड्यावर आम्ही गेज लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

तिसरी जात फिरत्या पात्यांच्या पंपाची. प्रवाह मोठा, आवाज मोठा, कचरा आत गेला की पाती घासतात. छोट्या इंजिनाला त्याची गरज नाही.

घेताना दुकानदाराला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली, आतले रबर इथेनॉल सोसते का. व्हायटन जातीचे रबर असेल तर उत्तम. दुसरी, पंप १२ व्होल्टचा आहे ना आणि तुमच्या गाडीच्या बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन बाजू बॉडीला असते. तिथे साधा इलेक्ट्रॉनिक पंप उलटा जोडला तर क्षणात जळतो. महायुद्धातल्या विलीज जीपवाल्यांनी आपली बॅटरी ६ व्होल्टची आहे हे विसरू नये.

बसवण्याबाबत

पंप मागे, टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा थोडा खाली बसवावा. हे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात दुबळे. इंजिनजवळ बसवला तर विहिरीच्या काठावरची मोटारच झाली, फायदा काय? एक्झॉस्टपासून लांब, दगड लागणार नाही अशा आडोशाला आणि रबरी बुशवर, म्हणजे टक-टक गाडीत घुमत नाही. डिकीच्या आत मात्र बसवू नये, गळती झाली तर वाफ आत कोंडते.

पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर, नंतर बारीक कागदाचा. उलटे केले तर बारीक फिल्टर पंपाला श्वास घेऊ देत नाही. इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटा सोडवून आणते, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांना फिल्टर लवकर बदलावे लागतील. वाफेचा फारच त्रास असेल तर तीन तोंडांचा फिल्टर कार्ब्युरेटरजवळ लावून तिसऱ्या बारीक तोंडातून थोडे पेट्रोल टाकीत परत सोडता येते. ठिबकचा बायपास आपण करतो तसे. पेट्रोल फिरते राहते आणि वाफ मागे निघून जाते.

नळी इथेनॉलसाठी बनवलेलीच घ्यावी. आपल्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकची नळी सर्रास लावतात, पेट्रोल दिसते म्हणून. ती सहा महिन्यांत काचेसारखी कडक होते. मग ती निसटायला एक खड्डा पुरतो.

जुना पंप काढला की इंजिनला पडलेले भोक पत्र्याच्या जाड प्लेटने, पॅकिंग घालून बंद करावे. दांडी वेगळी असेल तर तीही काढावी, नाहीतर ऑइल बाहेर येते. काही जण जुना पंप तसाच ठेवून त्याच्यातूनच पेट्रोल पुढे नेतात. हे करू नका. त्यातला जुना डायफ्रॅम फाटला तर विजेचा पंप सगळे पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये ढकलत राहील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

आता वायरिंग. इंजिनवरचा पंप इंजिन थांबले की थांबतो, हा त्याचा मोठा गुण होता. विजेचा पंप चावी चालू असेपर्यंत चालतो. समजा रस्त्यात धडक झाली, नळी तुटली, ड्रायव्हर बेशुद्ध आणि चावी चालूच. पंप रस्त्यावर पेट्रोल ओतत राहणार. म्हणून पंपाचा करंट सरळ चावीवरून घेऊ नये. फ्यूज आणि रिले लावावी, आणि रिले अशी असावी की इंजिन फिरायचे थांबले की ती करंट तोडते. कॉइलच्या संकेतावर चालणारी अशी रिले मिळते. ऑइल प्रेशरच्या स्विचवरूनही हे करता येते. त्यात सेल्फ मारताना पंपाला करंट देणारी जोडणी वेगळी करावी लागते. याशिवाय धडक बसताच करंट तोडणारा इनर्शिया स्विच लावावा. हा खर्च पंपाच्या मानाने किरकोळ आहे, आणि नेमका हाच खर्च लोक वाचवतात. जो कारागीर "याची काय गरज" म्हणेल त्याच्याकडून काम करून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काम झाल्यावर दोन परीक्षा घ्याव्यात. कार्ब्युरेटरच्या जवळ टी जोडून गेज लावा आणि इंजिन मंद चालत असताना दाब बघा. साडेतीनच्या वर असेल तर रेग्युलेटर लावून तीनवर आणा. मग इंजिन बंद करून, गार झाल्यावर, उघड्यावर नळी लोखंडी डब्यात सोडा आणि पंप चालवा. दोन मिनिटांच्या आत एक लिटर आले तर तुमच्या गरजेच्या दुप्पट पेट्रोल येत आहे. डबा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा नको, जवळ विडी-काडी नको, बॅटरीची वायर जोडताना ठिणगी उडू देऊ नका.

एवढे करूनही गाडी पोकळ आवाज करत असेल, कार्ब्युरेटरमध्ये फटके मारत असेल तर तो पंपाचा दोष नाही. २० टक्के मिश्रणाला जुना जेट थोडा लहान पडतो आणि मिश्रण पातळ होते. तो जेट बदलण्याचे काम जाणत्याकडून करून घ्यावे. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत थोडे पेट्रोल ठेवून सोडू नये. इथेनॉल दमट हवेतले पाणी धरते, पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून वेगळे होऊन तळाला बसते, आणि पंप आधी तेच उचलतो. टाकी काठोकाठ भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करावी.

कारखान्याच्या वाहन विभागात कमी दाब मोजणारे गेज आहे. ज्या सभासदांनी पंप बसवला असेल त्यांनी नळीच्या मापाचा टी आणि दोन क्लिपा घेऊन यावे, दाब मोजून मिळेल. येताना गाडी चालवत आणावी, टोचन करून नव्हे, म्हणजे पंप तापल्यावरचा दाब कळतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग